म्हातारपणाचा विमा आणि महिन्याच्या गोळ्या

वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, वाङ्मय असे भारदस्त विषय येत असतात. त्यांच्या पंक्तीला आम्ही जो विषय आणून बसवीत आहोत तो दिसायला अगदी घरगुती आहे. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाच्या आजारपणाची तरतूद कशी करावी, विमा कोणता घ्यावा, आणि त्या विम्यात रोजच्या औषधांचा खर्च बसतो की नाही, एवढाच तो प्रश्न. परंतु भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतील ज्या घरांत म्हातारी माणसे आहेत, त्यांना याहून निकडीचे प्रश्न फार थोडे असतील. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले आहे. पण जिभेला वळण जुने आहे, म्हणून येथे आम्ही वेल्हेच म्हणू.

हिरडस मावळात, गुंजण मावळात किंवा वेळवंड खोऱ्यात आज कोणत्याही वाडीत जा. तरुण मंडळी पुण्याला, मुंबईला किंवा शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कारखान्यांत गेलेली असतात आणि घरात दोन वृद्ध माणसे असतात. एकाला रक्तदाब, दुसऱ्याला मधुमेह. फळीवरच्या डब्यात गोळ्यांची पाकिटे, काही भरलेली, काही अर्धी, काही कशाची आहेत हे कोणालाच ठाऊक नसलेली. मोठे रुग्णालय गाठायचे तर ५०-६० किलोमीटर पुण्यापर्यंत जावे लागते. अशा घरात आजारपणाचा हिशेब चुकला म्हणजे जमीन गहाण पडते किंवा माणूस अंथरुणाला खिळतो.

एक प्रसंग आमच्या मनातून जात नाही. पुण्याच्या एका रुग्णालयात आम्ही आमच्या एका आप्तांना पाहण्यास गेलो होतो. शेजारच्या खाटेवर वेल्ह्याकडच्या एक आजी होत्या. त्यांचे उजवे अंग लुळे पडले होते. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला विचारले, "आजींना रक्तदाबाची गोळी चालू होती ना?" मुलगा खाली मान घालून म्हणाला, "व्हती सायेब. दोन म्हैन्यांपास्नं बंद हाये. आई म्हणली, आता बरं वाटतंय, उगं पैसं कशाला घालवायचं." त्या मुलाजवळ सरकारी योजनेचे कार्ड होते आणि रुग्णालयाचा सारा खर्च त्यातून भागत होता. म्हणजे पाहा, अर्धांगवायू झाल्यावर हजारो रुपये देणारी व्यवस्था त्या घरात होती. तो बहुधा टाळू शकली असती अशी काही रुपयांची गोळी आणून देणारी व्यवस्था मात्र नव्हती.

आम्हांला जे सांगावयाचे आहे ते सारे या प्रसंगात आले आहे. म्हातारपणाच्या आजाराचे खर्च दोन प्रकारचे असतात. एक रुग्णालयातला, जो एकदम येतो आणि मोठा असतो. दुसरा औषधांच्या दुकानातला, जो दरमहा येतो, दिसायला लहान असतो आणि मरेपर्यंत संपत नाही. आपल्याकडील बहुतेक विमा पहिल्यासाठी आहे. दुसऱ्यासाठी निराळी सोय करावी लागते. जो मनुष्य या दोहोंची गल्लत करतो तो विम्याचा हप्ता भरून निश्चिंत होतो आणि महिन्याच्या गोळीपाशी फसतो.

असे का असावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण विम्याच्या मुळाशीच आहे. गावातल्या शंभर घरांनी आगीसाठी वर्गणी काढून ठेवली तर त्यात शहाणपणा आहे. कारण आग कोणाच्या घराला लागेल हे ठाऊक नसते, आणि ज्याच्या घराला लागते त्याला एकट्याला ती झेपत नाही. पण चुलीच्या सरपणासाठी अशी वर्गणी कोणी काढीत नाही. सरपण प्रत्येकाला रोजच लागते. वर्गणी गोळा करून ते परत वाटायचे म्हटले तर हिशेबनिसाचा पगार तेवढा अंगावर पडेल. रक्तदाबाची गोळी ही सरपणासारखी आहे. तो निश्चित खर्च आहे. विमा कंपनीने तो पत्करलाच तर ती तो हप्त्यात धरते आणि वर आपला खर्चही लावते. म्हणून निश्चित खर्चाचा भार हलका करावयाचा असेल तर सरकारने तरी तो उचलावा लागतो, मालक-कामगारांच्या सामाईक निधीने तरी, किंवा औषधच स्वस्त मिळवावे लागते.

ही अडचण आपल्यापुरतीच आहे असेही नाही. अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर ही योजना १९६५ साली झाली. तीत रुग्णालय आले, डॉक्टर आले, पण घरी घ्यावयाच्या गोळ्या आल्या नाहीत. त्यासाठी २००३ साली निराळा कायदा करावा लागला आणि प्रत्यक्ष सोय २००६ साली सुरू झाली. म्हणजे त्या धनाढ्य देशालाही चाळीस वर्षे लागली. तीही चालते ती सरकार तिचा बराचसा भार उचलते म्हणून. पुढे वर्षाकाठी औषधांसाठी वृद्धाच्या खिशातून किती जावे यालाही मर्यादा घातली गेली. २०२५ साली ती २,००० डॉलर होती. ज्यांची मुले तिकडे आहेत अशा आपल्याकडील काही आईवडिलांना हे ठाऊक असेल. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची एक सवय मात्र आपण जरूर उचलावी. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत त्यांना आपली औषधयोजना बदलता येते, आणि शहाणी माणसे तेव्हा कंपनीची जाहिरात बाजूला ठेवून आधी आपल्या गोळ्यांची यादी पुढे घेतात. कोणत्या योजनेत आपल्या या गोळ्या बसतात, एवढेच ती पाहतात.

आपणही सुरुवात यादीपासूनच करावी. एका कागदावर घरातील प्रत्येक वृद्धाचे वय, आजार, चालू असलेल्या औषधाचे नाव, मात्रा आणि दरमहा लागणारे पैसे लिहावे. औषधाचे नाव म्हणजे कंपनीने ठेवलेले नाव नव्हे. पाकिटावर लहान अक्षरांत जे मूळ नाव असते ते. रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांची व्यापारी नावे निरनिराळी असतात, पण आत औषध ॲम्लोडिपिनच असते; मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांत मेटफॉर्मिन असते. ही यादी झाली म्हणजे आपला दुसऱ्या प्रकारचा खर्च वर्षाला किती हे कळते. समजा, दोघांच्या गोळ्यांना महिना १,५०० रुपये लागतात, तर वर्षाचे १८,००० झाले. हा आकडा डोळ्यांपुढे ठेवूनच पुढचा विचार करावयाचा.

आता पहिला खर्च, रुग्णालयाचा. येथे विकत काही घेण्यापूर्वी आपल्या हक्काचे काय आहे ते पाहावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि २०१८ साली सुरू झालेली केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडलेली आहे. २०२४ पासून या एकत्रित योजनेत रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्याशिवाय २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. कुटुंब आधीच योजनेत असेल तर ७० वर्षांवरील माणसांसाठी हे ५ लाख निराळे असतात. मात्र एका घरातील नवराबायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून असते. जुना आजार आहे म्हणून कोणाला थांबावे लागत नाही. पहिल्या दिवसापासून तो धरला जातो. ज्यांनी खाजगी विमा घेतला आहे त्यांनाही हे कार्ड काढता येते.

या कार्डाला वयाचा पुरावा आधारकार्डाचा लागतो, आणि येथेच आमच्या खोऱ्यांत खरी ठेच लागते. पुष्कळ वृद्धांच्या जन्माची नोंद नव्हती. आधार काढताना अंदाजाने वर्ष सांगितले गेले आणि तारीख १ जानेवारी पडली. माणूस प्रत्यक्षात ७३ वर्षांचा आणि आधारावर ६८ चा, असे दिसले की कार्ड मिळत नाही. शाळेचा दाखला किंवा जन्माचा अन्य पुरावा असेल तर दुरुस्ती आजच करून घ्यावी. माणूस अत्यवस्थ झाल्यावर हे काम होत नाही. कार्डाला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर देऊ नयेत. चौकशीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. आणखी एक गोष्ट. कार्ड सर्व रुग्णालयांत चालत नाही. योजनेत सामील झालेल्या रुग्णालयांतच चालते. पुण्याच्या रस्त्यावरची अशी दोन-तीन रुग्णालये कोणती, तेथे हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे काय होते, हे आधी विचारून यादीच्याच कागदावर लिहून ठेवावे.

या योजनेत औषधे मुळीच नाहीत असे नव्हे. रुग्णालयात असेपर्यंतची आणि घरी सोडल्यावर ठरावीक दिवसांची औषधे मिळतात; केंद्राच्या योजनेत हे दिवस १५ आहेत. सोळाव्या दिवशी मात्र आपण पुन्हा फळीवरच्या डब्यापाशी येतो.

म्हणून आता दुसरा खर्च. याला चार वाटा आहेत.

पहिली वाट सरकारी दवाखान्याची. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्या तेथे दिल्या जातात. आमच्याकडे एक गैरसमज आहे की फुकटची गोळी कमी गुणाची असते. ॲम्लोडिपिन हे ॲम्लोडिपिनच असते. कधी साठा संपलेला असतो हे खरे. म्हणून शेवटच्या गोळीची वाट न पाहता आठ दिवस आधीच जावे. एस.टी.च्या प्रवासात २०२२ पासून ७५ वर्षांवरील माणसाला तिकीट लागत नाही, तेव्हा निदान त्या वयाच्या माणसाला तरी भाड्याची सबब उरत नाही. मात्र एकट्या म्हाताऱ्याला फाट्यापर्यंत चालत पाठवणे बरे नव्हे. वाडीतील चार जणांच्या गोळ्या आणण्यासाठी आळीपाळीने एका तरुणाने जावे, पण तपासणीचे दिवस चुकवू नयेत.

दुसरी वाट जनऔषधी केंद्राची. ही योजना २००८ साली सुरू झाली. तेथे मूळ नावाची औषधे बाजारातील नामांकित औषधांपेक्षा साधारणतः ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात. डॉक्टरांना "मूळ नाव लिहून द्या" असे सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही. परंतु गोळी आपल्या मनाने बदलू नये. यादी डॉक्टरांना दाखवून मगच बदलावी. वर धरलेले १८,००० रुपये या एका वाटेने निम्म्याखाली येण्याचा पुष्कळ संभव असतो, आणि त्यासाठी कोणताही हप्ता भरावा लागत नाही.

तिसरी वाट कामगार राज्य विम्याची. ही अनेकांना ठाऊकच नसते. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे प्रथम सुरू झाली. आपल्या देशात दवाखान्यातून घरी न्यावयाची औषधेही ज्यात मिळतात असा हा मोठा विमा आहे. शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यात लागलेल्या मुलाच्या पगारातून त्याची वर्गणी कापली जात असेल, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही, त्यांचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्यास, या उपचारांचा लाभ मिळतो. मात्र त्यांची नावे नोंदविलेली असावी लागतात. मुलगा बायकोमुलांची नावे घालतो आणि गावाकडच्या आईबापांची राहून जातात. त्यात वाईट हेतू नसतो, विसर असतो. तसेच, निदान ५ वर्षे या विम्यात राहून वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. असे किती निवृत्त कामगार आज भोरात बसून पुरी किंमत देऊन औषधे घेत असतील!

चौथी वाट माजी सैनिकांची. मावळ खोऱ्यांतून सैन्यात गेलेली घरे आहेत. २००३ पासून त्यांच्यासाठी अंशदायी आरोग्य योजना आहे; तिच्या दवाखान्यांतून निवृत्तिवेतनधारक सैनिकाला आणि त्याच्या पत्नीला, विधवेलाही, औषधे मिळतात. या योजनेच्या माणसाने सत्तरीनंतर वय वंदना कार्ड घ्यावयाचे म्हटले तर दोहोंपैकी एकच निवडावे लागते. ज्याला महिन्याच्या गोळ्या आहेत त्याने आपली जुनी योजना सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

इतके झाल्यावर खाजगी विम्याचा प्रश्न येतो. तो घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे वय ६० ते ७० च्या दरम्यान आहे, ज्याला योजनेबाहेरच्या रुग्णालयाची सोय हवी आहे आणि ज्याला हप्ता झेपतो, त्याने तो अवश्य घ्यावा. १ एप्रिल २०२४ पासून ६५ वर्षांनंतर नवा विमा न देण्याची जुनी मर्यादा उठली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये विमा नियामकाने ६० वर्षांवरील माणसांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढविण्यापूर्वी आपल्याशी विचारविनिमय करावा असे कंपन्यांना बजावले आहे. परंतु घेताना चार गोष्टी पाहाव्या.

एक, प्रतीक्षेचा काळ. आधीपासूनचा आजार किती महिन्यांनी धरला जाणार? याला आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची मर्यादा आहे. दोन, आपला वाटा. बिलाचे किती टक्के आपण द्यावयाचे? 'आरोग्य संजीवनी' या, सर्व कंपन्यांत सारख्याच अटींच्या विम्यात तो ५ टक्के आहे. वृद्धांच्या काही विम्यांत याहून पुष्कळ जास्त असतो. तीन, खोलीच्या भाड्याची मर्यादा. चार, औषधे. रुग्णालयापूर्वी किती दिवसांची आणि नंतर किती दिवसांची धरली जातात? आरोग्य संजीवनीत हे दिवस ३० आणि ६० आहेत. बाह्यरुग्ण औषधांचा लाभ जोडून देऊ असे कोणी सांगितले, तर त्या लाभाची वर्षाची कमाल रक्कम आणि त्यासाठी वाढणारा हप्ता या दोन आकड्यांची वजाबाकी करून पाहावी. वाढीव हप्ता ६,००० आणि लाभ ५,००० असेल तर सरपणाच्या वर्गणीचीच ती गोष्ट झाली.

खोलीच्या भाड्याचे आमच्या चुलत्यांच्या बाबतीत घडले ते सांगतो. विमा होता, खोलीची मर्यादा दिवसाला ४,००० रुपयांची. मुलांनी प्रेमाने ८,००० ची खोली घेतली. सर्वांना वाटले, वरचे चार हजार आपण देऊ. प्रत्यक्षात डॉक्टरांचे, शुश्रूषेचे, शस्त्रक्रियेचे शुल्कही त्याच प्रमाणात निम्मे कापून आले. तात्या नंतर म्हणाले, "अरे, मला खोलीचं काय करायचं होतं? डोळे तर मिटलेले होते." कंपनीने अट मोडली नव्हती; आम्हीच ती वाचली नव्हती.

अर्ज भरताना आजार लपवू नये. विकणारा पुष्कळदा म्हणतो, "काका, शुगर लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता वाढला तर वाढू द्यावा. लपविलेला मधुमेह रुग्णालयाच्या पहिल्याच कागदात उघडा पडतो आणि भरलेले पैसे वाया जातात. सलग ५ वर्षे विमा चालल्यावर, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही. पण ती पाच वर्षे निघावी लागतात, आणि जाणूनबुजून लपविणे ही लबाडीच ठरते. विम्याचा कागद हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत न पटल्यास तो परत करता येतो. त्या तीस दिवसांत घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवावा. दावा अन्यायाने नाकारला असे वाटले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी माणसाच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी आहे. पण सरासरीच्या आकड्याने वाडीतल्या डब्यात गोळी येत नाही. ती आणावी लागते, आणि ती आणण्याचा क्रम आम्ही सांगितला: आधी यादी, मग हक्काचे कार्ड, मग स्वस्त किंवा निःशुल्क औषधाची वाट, आणि सरतेशेवटी, झेपत असेल तर, विकतचा विमा. हा क्रम उलटा केला की पैसा हप्त्यात जातो आणि गोळीसाठी उरत नाही.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांना आमची एक विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा आईला केवळ "बरी आहेस ना?" असे विचारू नका. बरे वाटते म्हणूनच तर ती गोळी बंद करते. फळीवरचा डबा खाली काढा, पाकिटे मोजा, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्या कोठून येणार हे ठरवूनच परतीची एस.टी. धरा.